आरसा जीभ

१२ ऑगस्ट २००७
शुगर लँड

दादा,

आधीच सॉरी. शुद्धलेखन चुकणार आहे, आणि मी फार हळू टाइप करते, एकेक अक्षर शोधून. एक अक्षर तर मला सापडतच नाहीये, त्यामुळे तो शब्द आला की मी दुसराच लिहिते. पाचवीत नागपूर सोडलं त्यानंतर मराठीत काही लिहिलंच नाही.

इंग्लिशमधे लिहिलं असतं, पण मी हे हुआंग मॅडमच्या चायनीज औषधांच्या क्लिनिकमधल्या कॉम्प्युटरवर लिहितेय आणि इथे मागून कोण वाचेल सांगता येत नाही. मराठी इथे कोणालाच येत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर बाबा बसतात, तिथे हे चालणारच नाही.

हो, हुआंग मॅडम. तू ज्याला मुळ्यांचं दुकान म्हणालास, तिथेच. अजून जाते. तुला डिलीट करायचं असेल तर इथे कर, पण मग बाबांचं तुला कळणार नाही.

बाबांना काहीतरी झालंय आणि ते लपवतायत.

मी उगाच म्हणत नाहीये. त्यांच्या पट्ट्याला त्यांनी स्वतः खिळ्याने नवीन भोक पाडलंय. रात्रीचा भात बंद, विचारलं तर "भूक नाही." आणि शनिवारी दुपारी ते फोन घेऊन गराजमधे जातात, दार लावून घेतात, आणि ड्रायर चालू करतात. कपडे असोत नसोत. माणूस रिकामा ड्रायर कशाला चालू करेल? आतलं बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणूनच ना?

आई अजून नागपूरलाच आहे. आजीचं हिपचं ऑपरेशन झालं पण ती चालायला घाबरते. मी आईला विचारलं, बाबा तुला शनिवारी फोन करतात का? ती म्हणाली, "रविवारी करतात. तुला सगळ्यांचाच संशय येतो गं. लहानपणी पोस्टमनवर पण यायचा."

बाकी घर तसंच आहे. सकाळी बाबांचा बाथरूममधला तो ऑक ऑक आवाज, ज्याला तू उशी डोक्यावर घ्यायचास. मग देवपूजा, मग चहा, मग गाडी. वरून सगळं तसंच. म्हणूनच मला जास्त भीती वाटते.

रुचा


१९ ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर मिळालं. "त्यांना डॉक्टरकडे ने. खऱ्या." एवढंच. "खऱ्या" कोणासाठी होतं ते कळलं मला.

ते जात नाहीत ना पण. म्हणाले, "मी अख्ख्या टेक्ससच्या पाइपलाइनी तपासतो, मला कोण तपासणार?"

मी शाळा सोडून इथे यायला लागले म्हणून त्या दिवशी तू बाबांवर ओरडलास, तिचं वाटोळं केलंत म्हणालास, बाबा म्हणाले मग येऊ नकोस इकडे, आणि तू दूर त्या कॅरी गावाला गेलास तो गेलासच. पण मी इथे काय करते ते तुम्ही दोघांनीही मला कधी विचारलं नाही. म्हणून सांगते.

मी ऑफिशियली स्टुडंट नाहीये. चायनीज मेडिसिनच्या कॉलेजला आधी साधं कॉलेज लागतं, त्याच्याआधी जीईडी, म्हणजे शाळा सुटलेल्यांनी बारावीच्या बदल्यात द्यायची परीक्षा. ते मी करतेय. शाळेत का जाऊ शकले नाही ते तुला माहितीये. उभं राहून बोलायची वेळ आली की माझा घसाच बंद व्हायचा, आणि इथली शाळा म्हणजे उभं राहून बोलणंच. मॅडमकडे बोलावं लागत नाही. मी ड्रॉवर भरते. निम्म्या ड्रॉवरमधे आपल्याच किचनमधलं आहे, सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध. आणि पेशंट आला की मॅडम त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवतात, मग माझी ठेवायला लावतात आणि विचारतात, काय लागतंय? सुरुवातीला कितीतरी दिवस मी म्हणायचे, काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, "गुड. खोटारडे स्टुडंट पहिल्याच दिवशी समुद्र वगैरे सांगतात."

मी सगळंच खरं मानते असं समजू नकोस. मॅडम चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला सांगतात की तू फार काळजी करतेस. ते तर मीही रस्त्यावर उभी राहून सांगू शकते.

पण जीभ वेगळी गोष्ट आहे. जीभ दिसते. मॅडम म्हणतात पोट म्हणजे चुलीवरचं भांडं, त्याची वाफ वर येऊन जिभेवर बसते. म्हणून चांगल्या जिभेवर पातळ पांढरा थर असतो. थर जाड झाला तर पोट बिघडलंय. आणि थर अजिबातच नसेल, नुसती लाल गुळगुळीत, तर तिला आरसा जीभ म्हणतात. म्हणजे भांड्यातलं पाणी आटलं. जुन्या पुस्तकांत ते फार वाईट मानलंय. मॅडमनी सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या.

काल मी बाबांना म्हटलं, जीभ दाखवा.

"का? मी काय खोटं बोललो?"

"अभ्यासाला पाहिजे."

त्यांनी चहाच्या आधी, देवपूजा करून आल्या आल्या, खिडकीपाशी उभं राहून दाखवली. डोळे पण मिटले, डेंटिस्टकडे मिटतात तसे.

दादा, आरसा होती. थराचा ठिपकाही नाही. मी म्हटलं थँक यू आणि बाथरूममधे जाऊन बसले.

तू तुझी बघ. सकाळी, कॉफीच्या आधी.

रुचा


३ सप्टेंबर

तुझ्या जिभेवर पांढरा थर आहे हे वाचून बरं वाटलं. नाही, त्याचा अर्थ कॅन्सर नाही, त्याचा अर्थ तू ठीक आहेस. इतकं हसायची गरज नव्हती.

माझी मात्र बाबांसारखीच आहे. थोडी कमी लाल, पण गुळगुळीत. म्हणजे आपल्या घरातलं जे काही आहे ते बाबांकडून माझ्याकडे आलंय आणि तुझ्याकडे नाही. ते घरात वाढत गेलं आणि तू बाहेर पडलास म्हणून वाचलास, असंही मला वाटलं. मग ते वेड्यासारखं वाटलं. पण वाटलं.

गराजमधे एक वापरलेलं कॉलिंग कार्ड सापडलं, लांब फोन करायला हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या इंडियन ग्रोसरीत मिळतं ते. ड्रायरच्या मागे पडलं होतं, नंबरावरचं आवरण नाण्याने खरवडलेलं. आईला ते घरातल्या फोनवरून, सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलतात. मग हे कोणासाठी? मला वाटतं नागपूरच्या श्रीरामकाकांना. ते डॉक्टर आहेत, सगळ्यांचे रिपोर्ट बघतात ना. बाबांना इथल्या डॉक्टरकडे जायचं नाही, म्हणून लपून त्यांना विचारत असतील. काकांना फोन लावायची माझी हिंमत नाही. फोनवर माझं काय होतं तुला माहितीये.

मी मागच्या शनिवारी दाराला कान लावला. आत फक्त ड्रायर. बाबांचा आवाज एकदाही आला नाही. कोणी आपल्याला काही वाईट सांगत असलं की आपण असेच गप्प ऐकतो.

दादा, मी तुला ये असं कधी म्हटलं नाही. तुमचं भांडण माझ्यावरून झालं, त्यामुळे मला म्हणताही येत नव्हतं. आता म्हणते. ये. तू समोर उभा राहिलास तर ते डॉक्टरकडे जातील.

रुचा


१० सप्टेंबर

तिकीट काढलंस?

मला वाटलं तू आधी दहा प्रश्न विचारशील. १२ ऑक्टोबर, शुक्रवार. मी बाबांना सांगत नाही. तूही सांगू नकोस. मी त्यांच्याशी नॉर्मल वागायचा प्रयत्न करतेय पण काल त्यांना दोनदा "पाणी पिताय ना" विचारलं, तर म्हणाले, "तू काय मला कुंडी समजतेस का?"


१७ सप्टेंबर

दादा,

हे मेल मला लिहायचं नव्हतं.

शनिवारी मंडळाचा गणपती होता. दर वर्षी असतो त्याच शाळेच्या कॅफेटेरियात. बाबा म्हणाले चल, मी गेले. मी मागे भिंतीपाशी उभी राहिले, जिथे मी नेहमी उभी राहते. आरती सुरू झाली. आरतीत सगळे तोंड उघडतात हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. मोठ्ठं उघडतात. चंद्रशेखरकाका तर शेवटी इतका लांब सूर लावतात की टॉन्सिलपर्यंत दिसतं.

चंद्रशेखरकाकांची जीभ आरसा होती.

मग मी बाकीच्यांकडे बघायला लागले. कांचनमावशी, आरसा. तबलेवाले काका, आरसा. ते नवीन आयटीवाले दोघं, तिशीचे पण नसतील, आरसा. छोट्या मुलांच्या मात्र पांढऱ्या होत्या, चांगल्या. मोठी माणसं सगळी आजारी आणि मुलं ठीक. मला वाटलं इथल्या पाण्यात काहीतरी आहे. केमिकल प्लांट आहेत ना सगळीकडे. मला वाटलं बाबांना ऑफिसात हे माहिती असेल, म्हणून ते बोलत नसतील.

प्रसादाच्या लाइनीत मी पुढच्या माणसाने मोदक तोंडात घालायची वाट बघत होते, म्हणजे जीभ दिसेल. तेवढ्यात प्रतिमाकाकूंनी पकडलं. त्या दर वर्षी इंडियातून सामान आणून टेबल लावतात, माहितीये ना.

"काय गं रुचा, हल्ली चायनीज शिकतेस म्हणे. नूडल्स का?"

मी हसले. मला उत्तर सुचेपर्यंत लोक निघून जातात, पण त्या गेल्या नाहीत.

"आणि अशी सगळ्यांच्या तोंडाकडे काय बघतेस? घे, मोदक घे की तू पण."

मी खाली बघितलं, त्यांच्या टेबलाकडे. वाती, उटणं, कापूर. आणि त्याच्या बाजूला एका ताटलीत तांब्याच्या वाकवलेल्या पट्ट्या.

"जिभली पाहिजे का? खरं तांबं आहे. इथल्या ब्रशने काय जीभ साफ होते का? तुझे बाबा मागच्या वर्षी दोन घेऊन गेले."

दादा, ऑक ऑक.

तो आवाज मी जन्मापासून ऐकतेय. मी स्वतः रोज घासते. आईने मला पाचव्या वर्षी शिकवलं, घासल्याशिवाय दूध नाही. मुलांच्या पांढऱ्या होत्या कारण इथली मुलं घासत नाहीत. तुझी पांढरी होती कारण कॅरीला जाऊन तू सोडलंस. आणि मी बाबांची जीभ त्यांनी ती खरवडून चकचकीत केल्यावर अर्ध्या तासात बघितली आणि ते मरतायत असं तुला लिहिलं.

मॅडमना विचारलं. त्या आधी समजल्याच नाहीत, मग मी पट्टीने कसं करतात ते करून दाखवलं. त्यांनी खुर्ची धरली. "हजार वर्षं आम्ही तो थर वाचतोय," म्हणाल्या, "आणि तुम्ही लोक रोज सकाळी उठून तो पुसून टाकता?"

आता तू म्हणशील, बघ, मी म्हटलं होतं. म्हण. मी दोन दिवस विचार करत होते की हे लिहूच नये. नाही लिहिलं तर तू येशील. आल्यावर कळलं असतं की बाबा बरे आहेत, तर कोण चिडणार होतं? पण तू चिडला असतास. माझ्यावर नाही, बाबांवर. त्यांनीच मला सांगून तुला बोलावलं असं तुला वाटलं असतं. तू पण माझ्यासारखाच आहेस, संशयी.

तर ते आजारी आहेत याचा माझ्याकडे काही पुरावा नाही. पट्टा आहे, भात आहे, गराज आहे. जीभ नाही. तिकीट कॅन्सल करायचं तर कर.

रुचा


३० सप्टेंबर

तिकिटाचं तू काहीच लिहिलं नाहीस. फक्त एवढंच विचारलंस की शनिवारी दुपारी तुला ब्लँक कॉल मी करते का. नंबर दिसत नाही, पलीकडे कोणी बोलत नाही, आणि मागे काहीतरी घरघर फिरत असतं.

मी नाही करत. फोनवर गप्प बसायला पण मला आधी फोन लावावा लागेल.

घरघर कशी आहे? मधेच एकदा ठक वाजतं का? आपला ड्रायर तसा वाजतो. तू त्याच्यात बूट घातले होतेस तेव्हापासून.

याच्यावर मी आत्ता काही लिहीत नाही. आधी बाकीचं सांगते.

मी बाबांना जिभेचं सगळं खरं सांगून टाकलं. फक्त तुला कळवलं होतं ते सोडून. मला वाटलं रागावतील. ते इतके हसले की चष्मा काढून ठेवला. मग एकदम थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तू एवढे दिवस घाबरून होतीस? एकटीच?"

मी मान हलवली.

"मग नाही घासत. तुझी परीक्षा होऊन जाऊ दे."

तुला विश्वास बसणार नाही पण त्यांनी खरंच सोडलं. देवासमोर उभं राहायच्या आधी नुसती चूळ भरायचे आणि देवाला म्हणायचे, "समजून घे, पोरीचा अभ्यास आहे." सकाळी घर इतकं शांत असायचं की मला जाग यायची नाही.

गुरुवारी ऑफिसनंतर ते बेलएअरला, इथे क्लिनिकमधे आले. पहिल्यांदा. दारातच उभे राहिले, ड्रॉवर बघत. मी त्यांना एक उघडून दाखवला. त्यांनी वास घेतला. "अरे, ही तर सुंठ." मग दुसरा. मग तिसरा त्यांनी स्वतःच उघडला. मी त्यांना नावं सांगत होते आणि मधे एकदा माझ्या लक्षात आलं की मी कितीतरी वेळ बोलतेय.

मॅडमनी जीभ बघितली. पातळ, पांढरा, सगळीकडे सारखा. "ऑर्डिनरी," म्हणाल्या. मला तो शब्द इतका आवडला. मग नाडी धरली, मला पण धरायला लावली. बाबांचं मनगट मी लहानपणी रस्ता क्रॉस करताना धरायचे त्यानंतर धरलंच नव्हतं. नाडी तारेसारखी लागली, ताणलेल्या. मॅडम म्हणाल्या, हा माणूस काहीतरी बोलायचं गिळून बसलाय.

बाबा म्हणाले, "मॅडम, हे कुठल्याही लग्न झालेल्या माणसाला लागू पडेल."

खरंय. आणि मॅडम हे तिघांतल्या दोघांना सांगतात, मी ऐकलंय. तरी तार मला लागली. ती मॅडमनी सांगायच्या आधीच लागली होती.

येताना गाडीत त्यांनी स्वतःहून सांगितलं. ऑफिसच्या हेल्थ फेअरमधे बोटाला टोचून शुगर बघितली, बॉर्डरवर निघाली. म्हणून रात्रीचा भात बंद आणि म्हणून पट्टा. "शुगर लँडमधे राहून शुगर झाली हे कोणाला सांगू? चंद्रशेखर वर्षभर तोच जोक करेल." मी खऱ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. फोनवर. मीच. ते येतो म्हणाले.

म्हणजे पट्टा झाला, भात झाला. गराज राहिलं.

रुचा


७ ऑक्टोबर

दादा,

काल काय झालं त्यातलं अर्धं तुला माहितीये आणि अर्धं मला. माझं अर्धं सांगते.

मी कपड्यांची बास्केट घेऊन गराजमधे गेले. ड्रायर फिरत होता. बाबा तुझ्या सायकलच्या बाजूला, उलट्या बादलीवर बसले होते. फोन कानाला. मला बघून त्यांनी फोन ठेवला नाही, नुसता तळहाताने झाकला, जसा काही माझा आवाजच आत जाईल.

मी ड्रायर बंद केला. ते तुला ऐकू आलं असेल.

मग इतकं शांत झालं की मला पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "बाबा, बोला."

"कोणाशी?"

"दादाशी. त्याला माहितीये. तो पण दर वेळी धरूनच ठेवतो ना फोन, तुम्ही ठेवेपर्यंत."

मला वाटलं मी खोटं बोलले, कारण तू फोन ठेवत नाहीस हे तू मला कुठे लिहिलं होतंस? घरघर कशी फिरते ते तुला इतकं नीट माहीत होतं त्याच्यावरून मी ओळखलं.

बाबांनी हात काढला. घसा साफ केला, ऑफिसच्या फोनवर करतात तसा. आणि म्हणाले, "केदार, तू जीभ घासतोस का रे?"

तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून बसले. "हं." बराच वेळ काही नाही. "हं. नाही, ती हुशार आहे. मी बघून आलो ना." मग परत बराच वेळ. "कुठला एअरपोर्ट, इंटरकॉन्टिनेंटल का हॉबी? लांब पडतं. असू दे, मी येतो." मग कार्डावरचे पैसे संपले असणार, कारण ते नुसतेच "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले आणि मग फोनकडे बघून हसले.

तू काय सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही. पण संध्याकाळी त्यांनी तुझ्या बाथरूममधला ग्लास विसळून ठेवला आणि त्याच्यात एक जिभली ठेवली. मागच्या वर्षी घेतलेल्या दोनातली दुसरी, कागद पण काढला नव्हता. त्यावरून मला संशय आहे की तू त्यांना "नाही" म्हणालास.

आल्यावर पहिल्या सकाळी घासायच्या आधी मला दाखव.

आणि हो, याच्याशी काही संबंध नाही, पण प्रतिमाकाकूंची व्हॅन काल चोरीला गेली, इंडियन ग्रोसरीच्या समोरून, मंडळाचे सगळे ढोल आत होते. या वेळी मी कोणावरच संशय घेत नाहीये.

रुचा